कट्टा सापडतो, पण काडतूस कुठून येतं?

जळगाव-धुळ्याच्या पेपरात महिन्यातून एखाद-दोनदा तरी एक फोटो येतोच, तुम्ही पण पाहिला असेल. टेबलावर पांढरं फडकं, त्याच्यावर गावठी कट्टा, मॅगझिन, एखादा मोबाईल, कडेला जप्त केलेली मोटरसायकल, तोंडाला रुमाल बांधून उभे केलेले दोन पोरं अन् त्यांच्या मागे एलसीबीची, म्हणजे पोलिसांच्या स्थानिक गुन्हे शाखेची, अख्खी टीम. खालची ओळ ठरलेली, "एक गावठी बनावटीचे पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे जप्त". मग बातमी ग्रुपवर फिरते अन् तासाभरात दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते गुंडांकडे कट्टे आहेतच तर सज्जन माणसाला पण लायसन्स द्या, व्यापाऱ्याने काय मरायचं का. दुसरी म्हणते असलेले लायसन्स पण काढून घ्या, अमेरिकेचं काय झालं बघा. अन् दोन्ही पार्ट्या आकडे फेकतात, सगळे अमेरिकेचे, सगळे अर्धे कापलेले.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या बातमीत आपल्या कामाचे शब्द शेवटचे आहेत, दोन जिवंत काडतुसे, अन् नेमकं त्याच्यावर कोणी बोलत नाही. पण आधी त्या आकड्यांचं बघू, कारण ते बाजूला केल्याशिवाय पुढं बोलताच येत नाही.

लायसन्सवाल्या पार्टीचा लाडका आकडा म्हणजे अमेरिकेत दरवर्षी २५ लाख लोक बंदूक दाखवून स्वतःला वाचवतात. हा आकडा १९९५ चा, गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ या दोघांच्या अभ्यासातला. त्यांनी जवळपास ५,००० लोकांना फोन केले, गेल्या वर्षात बंदूक स्वतःच्या बचावासाठी वापरली का विचारलं, शंभरातला एक-सव्वा जण हो म्हणाला, अन् तो एक-सव्वा टक्का सगळ्या अमेरिकेच्या प्रौढ लोकसंख्येला लावला की झाले २५ लाख. आता शंभरात एक जण फुशारकी मारणारा निघाला, किंवा तीन वर्षांपूर्वीची गोष्ट मागच्या वर्षीची म्हणून सांगून गेला, तर आकडा कुठच्या कुठे जातो. तिथल्या सरकारचा गुन्ह्यांच्या पीडितांचा सर्व्हे आहे, त्याच्यातून साधारण ६० हजार ते १ लाख निघतात. तो पण धुतल्या तांदळाचा नाही, कारण जो आधी "माझ्यावर गुन्हा घडला" म्हणत नाही त्याला पुढचा प्रश्नच विचारत नाहीत. म्हणजे खरं मधे कुठंतरी असेल, पण एक लाख अन् पंचवीस लाखाच्या मधे केवढी जागा आहे भो! एवढ्या जागेत कोणाचंही मत आरामात बसतं.

दुसऱ्या पार्टीचा आकडा ४३. घरात बंदूक असेल तर घरचाच माणूस मरायची शक्यता ४३ पट, असं सांगतात. हे १९८६ चं, आर्थर केलरमन यांचं, सिएटलच्या भागातल्या केसेस मोजलेल्या. त्यांनी काय मोजलं तर घरातल्या बंदुकीने स्वसंरक्षणात एक माणूस *मारला गेला* असेल तर त्याच्यासमोर बाकीचे मृत्यू किती. ते आले ४३, पण त्यातले ३७ आत्महत्या होत्या. अन् चोराला नुसती बंदूक दाखवली अन् तो पळाला, तर ती केस या हिशोबात कुठंच येत नाही. शक्यता ४३ पट हा अर्थ नंतर लोकांनी चिकटवला.

पण म्हणून त्या ३७ वर हसून पुढं जाता येत नाही. अमेरिकेत आजही बंदुकीने होणाऱ्या मृत्यूत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, २०२३ मधे जवळपास ४६,७०० पैकी २७,३०० च्या आसपास. इथं लगेच कोणीतरी म्हणतं, ज्याला मरायचं तो कसाही मरतो. हे वाक्य खान्देशात तरी कोणी म्हणू नये. कापसाच्या पट्ट्यात आपण काय पाहिलं? फवारणीचं औषध घराच्या कोपऱ्यात ठेवलेलं असतं, भांडण झालं, सोसायटीची नोटीस आली, दहा मिनिटांचा झटका असतो अन् तेवढ्यात हात तिकडं जातो. श्रीलंकेने १९९५ पासून जास्त विषारी कीटकनाशकं एकेक करून बंद केली अन् तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वीस वर्षांत निम्म्याच्याही खाली गेलं. सगळेच्या सगळे दुसऱ्या वाटेने गेले नाहीत. हाताशी काय आहे याने फरक पडतो, मग ते औषध असो की पिस्तूल. लायसन्स मागणाऱ्या पार्टीकडं याचं उत्तर मला अजून ऐकायला मिळालं नाही.

अन् हे आकडे एवढे जुने का, १९८६ अन् १९९५ चेच का फिरतात, यालाही कारण आहे. १९९६ मधे अमेरिकन संसदेने तिथल्या सीडीसीच्या, म्हणजे रोगराई अन् आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बजेटमधे एक अट टाकली, बंदूक नियंत्रणाचा प्रचार होईल असं काही करायचं नाही. लिहिलं प्रचार, पण अधिकाऱ्यांनी घाबरून संशोधनच जवळपास बंद केलं, अन् पैसे परत सुरू झाले ते थेट २०२० च्या बजेटमधे. मधे २००४ ला तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने सगळे अभ्यास चाळून सांगितलं की लोकांना पिस्तूल जवळ बाळगायची परवानगी दिल्याने गुन्हे वाढले की घटले, हे हातात असलेल्या पुराव्यावरून सांगता येत नाही. एवढं सरळ उत्तर कोणाच्याच कामाचं नव्हतं म्हणून ते फॉरवर्ड होत नाही.

गोळ्यांच्या बाबतीत तर अजून गंमत. टेफ्लॉन लावलेली गोळी बुलेटप्रूफ जॅकेट फाडते, असं अमेरिकेत १९८० च्या दशकात टीव्हीवरून पसरलं. टेफ्लॉन होतं बंदुकीची नळी घासू नये म्हणून, जॅकेट फाडायचं काम आतला कडक धातू करायचा, अन् १९८६ चा कायदा लिहिताना शेवटी धातूच धरावा लागला. तसंच पोकळ तोंडाच्या गोळ्यांचं. युद्धात बंदी आहे तर सामान्य माणसाला कशी विकतात, असं विचारतात. ती बंदी १८९९ च्या हेग परिषदेतली अन् तिचं मूळ आपल्या कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात, तिथं इंग्रजांनी अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी काढली होती. बंदी देशांमधल्या युद्धापुरती आहे. बऱ्याच देशांचे पोलिस तीच गोळी वापरतात, कारण ती आरपार जाऊन मागच्या माणसाला लागायचा धोका कमी. जखम मोठी होते हे पण खरंच. दोन्ही खरं आहे अन् भांडणारे एकच सांगतात.

आता गांधीजी. "इंग्रजांच्या सगळ्या पापांमधे भारताला नि:शस्त्र करणारा कायदा सगळ्यात काळा" या अर्थाचं त्यांचं वाक्य अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांनी डोक्यावर घेतलंय अन् तिथून फिरून ते आपल्या ग्रुपवर येतं. वाक्य त्यांचंच आहे, पण आहे १९१८ चं, खेड्यात, म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, पहिल्या महायुद्धासाठी सैन्यभरती करायच्या पत्रकातलं. लढाईत मदत करा म्हणजे सरकारचा अविश्वास जाईल अन् १८७८ चा शस्त्र कायदा उठेल, असा तो मुद्दा. तिथून घरोघरी पिस्तूल ठेवा इथपर्यंत कसं पोचायचं? तरी एक गोष्ट दुसऱ्या पार्टीने पण मान्य करावी, इंग्रजांच्या त्या कायद्याची चीड खरी होती. सातपुड्यातल्या भिल्लांना तर ते वेगळं सांगायला नको, त्या कायद्याच्या आधीच, १८५८ ला, आंबापाणीच्या लढाईत इंग्रजांनी त्यांचं काय केलं ते इथं लोकांना माहीत आहे. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने शस्त्र बाळगायचा हक्क लिहिला होता, नियमांच्या अधीन राहून. घटना समितीत ह. वि. कामतांनी तो मूलभूत हक्कांमधे घ्या म्हणून सुचवलं, बाबासाहेबांनी घेतलं नाही. आपल्याकडं बंदूक हा हक्क नाही, परवाना आहे, अन् हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी इंग्रजी राज्य पाहून, भोगून घेतला.

आपल्या देशाचे आकडे तरी सरळ आहेत का? स्मॉल आर्म्स सर्व्हे नावाची स्वित्झर्लंडची संस्था आहे, तिच्या २०१७ च्या अंदाजाप्रमाणे भारतात लोकांकडे ७ कोटी ११ लाख बंदुका, त्यातल्या ९७ लाख नोंदणीच्या. अन् गृहमंत्रालय सांगतं २०१६ च्या शेवटी देशात लायसन्स ३३ लाख ६९ हजार, त्यातले पावणेतेरा लाख एकट्या युपीत. एका लायसन्सवर तेव्हा तीन हत्यारं चालायची (२०१९ च्या दुरुस्तीने दोन केली) तरी प्रत्येकाकडं सरासरी तीनच्या जवळ निघतील, अन् तसं काही दिसत नाही. ज्या देशाला लायसन्सची हत्यारं नक्की किती हेच जुळवता येत नाही तिथं बिनलायसन्सची सहा कोटी आहेत का दोन कोटी, यावर भांडायला मजा येते, बाकी काही नाही.

एक गोष्ट मात्र वादाची नाही. आपल्याकडं बंदुकीने होणारे बहुतेक खून बिनलायसन्सच्या हत्यारांनी होतात. भुसावळात ऑक्टोबर २०१९ मधे नगरसेवकासकट पाच जण मारले गेले, मे २०२४ मधे परत भुसावळातच माजी नगरसेवक अन् सोबतचा माणूस गाडीतच गोळ्या घालून मारले. अन् कट्ट्याचं नाव निघालं की उमर्टी. एक उमर्टी आपल्या चोपडा तालुक्यात, दुसरं लगेच पलीकडं मध्यप्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात. पलीकडच्या उमर्टीत शिकलगर लोकांचा पिढीजात धंदा हत्यारं घडवायचा, कधीकाळी तलवारी, आता पिस्तूल. फेब्रुवारी २०२५ मधे कारवाईला गेलेल्या चोपडा ग्रामीणच्या पोलिसांवर हल्ला झाला, एका पोलिसाला तर उचलून पलीकडं नेलं, नंतर सोडवून आणावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्याच्या पोलिसांनी तिथं जाऊन भट्ट्या तोडल्या. पुण्याच्या गुन्ह्यातले कट्टे इथले निघतात म्हणून पुण्याहून फौज येते, यावरून धंद्याचा पसारा समजा.

म्हणून लोकं म्हणतात, "कायदा तं शे, पन मानस कोन?" (कायदा तर आहे, पण मानतो कोण?) अन् शिक्षा कमी आहे म्हणावं तर तसंही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा हत्यार बनवणं-विकणं याला कमीत कमी सात वर्ष ते जन्मठेप आहे, लग्नात हवेत गोळी झाडली तरी दोन वर्षापर्यंत जेल नाहीतर एक लाखापर्यंत दंड. तरी भट्टी तुटली की परत लागते, कारण लागतं काय, पत्रा, सळई, कानस, हातोडी, छोटं ड्रिल अन् बापाने शिकवलेला हात.

पण त्याच भट्टीत काडतूस होत नाही, अन् सगळी गंमत इथंच आहे.

काडतूस हातात घेऊन पाहिलं तर चार गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, बुडाला मधोमध छोटी कॅप, आत बारूद, पुढं गोळी. पुंगळी एका मापाची लागते, केसभर इकडंतिकडं झालं तर अडकते. कॅपमधला मसाला घोड्याचा ठोका बसल्या बसल्या पेटायला पाहिजे अन् खिशात पेटायला नको. हे काम मशिनचं, कारखान्याचं. छर्ऱ्याची जुनी पुंगळी परत भरणारे आहेत, गावठी काडतूस अजिबात बनत नाही असंही नाही, पण मॅगझिनच्या पिस्तुलात ते भरवशाचं नसतं, अन् सुपारी घेतलेला माणूस भरवसा बघतो. म्हणून जप्तीत काडतुसं बहुतेक वेळा फॅक्टरीची असतात. बुडावर अक्षरं कोरलेली असतात, "के एफ" म्हणजे खडकीची फॅक्टरी, अन् पुढं बोअर, म्हणजे नळीचं माप, ७.६५. आपल्या वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी पण काडतुसंच बनवते, फौजेसाठी, भुसावळपासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे बघा, जिल्ह्याच्या उत्तरेला डोंगरात बिनकाडतुसाचे कट्टे बनतात अन् इकडं भुसावळजवळ सरकारी कारखान्यात काडतुसं बनतात जी खात्यातून खात्यात जातात, प्रत्येक पेटीचा हिशोब असतो. (वरणगावच्या कामगारांवर मी काही बोट ठेवत नाही, उलट ते सांगतील तिथं गेटवर तपासणी कशी असते.)

मग हिशोबातलं काडतूस बिनहिशोबाच्या कट्ट्यात येतं कसं? बोअर बघितलं तरी निम्मं कोडं सुटतं. ९ एमएम सामान्य लायसन्सवर सहसा मिळतच नाही, ते प्रतिबंधित बोअर. जप्तीत ९ एमएम निघालं तर गळती सरकारी कोठारातून आहे नाहीतर माल बाहेरून आला. ७.६५ किंवा .३२ निघालं तर ते लायसन्सवर मिळतं, म्हणजे कुठंतरी दुकानदाराचं रजिस्टर, नाहीतर एखादा लायसन्सवाला, जो दरवर्षी आपला कोटा उचलतो अन् वर्षभर एक गोळी झाडत नाही. कोठार पण पवित्र मानू नका. २०१० मधे युपीच्या रामपूरला सीआरपीएफ अन् पोलिसांच्याच लोकांनी काडतुसं बाहेर विकल्याचं निघालं, माओवाद्यांपर्यंत माल गेल्याचा आरोप होता, अन् कोर्टाने शिक्षा दिली ती २०२३ ला, तेरा वर्षांनी. लायसन्सच्या कागदाचं म्हणाल तर जम्मू-काश्मीरमधे २०१२ ते २०१६ या काळात पावणेतीन लाखाच्या वर लायसन्स पैसे घेऊन वाटले गेल्याचा सीबीआयचा तपास आहे.

अमेरिकेत एक सेनेटर होते, डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन. १९९३ च्या सुमाराला ते म्हणायचे देशात बंदुका दोनशे वर्ष पुरतील एवढ्या आहेत, पण गोळ्या चारच वर्षांच्या, तर टॅक्स गोळीवर लावा. लोकांनी हसण्यावारी नेलं. तिथं ते चाललं नसतं हे पण खरं, कारण तिथं गोळ्या किराण्यासारख्या मिळतात अन् लोक गॅरेजमधे बसून काडतुसं भरतात. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून काडतूस घेताना पण तपासणी सुरू केली, तर अडकले जास्त करून साधे लोक ज्यांचा पत्ता रेकॉर्डशी जुळत नव्हता, अन् प्रकरण कोर्टात गेलं. लायसन्सवाली पार्टी हे उदाहरण देते अन् म्हणते बघा, गोळीवर नियंत्रण फेल. अहो पण तिथं चाळीस कोटीच्या घरात बंदुका अन् शेकडो कारखाने-दुकानं. आपल्याकडं पिस्तुलाचं काडतूस बनवणारे हाताच्या बोटावर मोजता येतील एवढेच. तिथं फेल म्हणून इथं फेल, हे काय लॉजिक झालं?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जप्तीच्या प्रेसनोटमधे काडतुसाच्या बुडावर काय कोरलंय ते छापा, बोअर, फॅक्टरीची अक्षरं, वर्ष असेल तर वर्ष. एका काडतुसावरून दुकान सापडणार नाही, मला माहीत आहे, कारण नंबर पेटीवर असतो, प्रत्येक काडतुसावर नसतो. पण जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांचं वर्षभराचं एका जागी मांडलं तर दिसायला लागेल कुठल्या सालचा कुठला माल वाहतोय, अन् मग कुठल्या दुकानांच्या रजिस्टरवर बसायचं ते ठरवता येईल. आज ती काडतुसं मुद्देमालाच्या पाकिटात जातात, केसपुरती तपासणी होते, अन् हिशोब तिथंच थांबतो.

लायसन्स वाटा म्हणणाऱ्यांना याच्यात अडचण वाटायचं कारण नाही, पण वाटते, कारण मग त्यांच्या पण काडतुसांचा हिशोब लागेल. लायसन्सवाला म्हणजे सज्जनच, हे त्यांचं गृहीतक फेब्रुवारी २०२४ मधेच मोडलं होतं. उल्हासनगरात पोलिस ठाण्याच्या आतच आमदाराने गोळीबार केल्याची केस झाली, अन् आठवड्याच्या आत दहिसरला माजी नगरसेवकाचा खून झाला तो मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या लायसन्सच्या पिस्तुलातून. अन् महिलांच्या सुरक्षेसाठी म्हणून २०१४ ला कानपूरहून "निर्भीक" रिव्हॉल्व्हर काढली, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. चोपड्याच्या बसस्टँडवर रात्री उतरणाऱ्या नर्सबाईला सव्वा लाखाची रिव्हॉल्व्हर पाहिजे की चालू लाईट पाहिजे, हे तिलाच विचारा.

दुसऱ्या पार्टीला पण एक सांगायचं राहिलं. सगळे लायसन्स रद्द करा म्हणताना रावेर-यावलच्या केळीवाल्याला अन् पायथ्याच्या मकावाल्याला त्यात ओढू नका. रानडुकराचा कळप एका रात्रीत काय करतो ते शेतात गेल्याशिवाय कळत नाही, अन् पीक संरक्षणाची ठासणीची बंदूक कायद्यातच मान्य आहे. त्या बंदुकीने कोणी सुपारी घेत नाही. प्रत्येक निवडणुकीत पोलिस त्याचीच बंदूक ठाण्यात जमा करायला लावतात अन् ज्याचा कट्टा ज्वारीच्या कणगीत लपवलेला आहे त्याला कोणी नोटीस पाठवत नाही, ही त्याची तक्रार खोटी नाही. हिशोब कडक करायचा तो पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचा करा, नवीन काडतूस देताना जुनी रिकामी पुंगळी मागा, झाडली असेल तर कुठं झाडली ते लिहून घ्या. अन् ठासणीवाल्याला बारुदाच्या नोंदीसाठी तालुक्याला दोन-दोन चकरा मारायला लावू नका, ती नोंद गावातला पोलिस पाटील घेऊ शकतो, त्याच्याकडं रजिस्टर आहेच, अन् एवढ्यासाठी मुंबईहून नवीन कायदा यायची वाट बघावी लागेल असं मला वाटत नाही.